सहावी बाटली

मंगळवारी इथे कुणी होडी लोटत नाही.
समुद्राचा विसाव्याचा वार. जाळी वाळूवर पालथी,
आणि मी, आराबा, जन्मानेच मंगळवारची,
गुडघाभर पाण्यात, हातात निर्जंतुक बाटली.

तोंड प्रवाहाकडे. झाकणाच्या आत बोट लागता कामा नये.
वीतभर खाली बुडवायची, भरली की उचलायची.
मग क्वोफीसाहेबांचा अर्ज:
किनाऱ्याची रुंदी एकसष्ट पावलं. उतार सौम्य.
वाळू बारीक, बिस्किटाच्या चुऱ्यासारखी (हे मी लिहीत नाही).
शौचालय एक, किल्ली हॉटेलात.
जीवरक्षक शनिवार-रविवार.
पर्यटनासाठी योग्यता: शंभरपैकी बहात्तर.

बायका म्हणतात, ही पोर गावाला पाण्यात पाहते.
खरंच आहे.
मला पाण्यात पाहण्याचाच पगार मिळतो.

नकाशावर पाच ठिकाणं, पाचही हॉटेलच्या छत्र्यांसमोर.
ओहळाचं मुख त्यात नाही. तिथे छत्र्या नाहीत.
तिथे मानसामावशीच्या मासे धुरावण्याच्या भट्ट्या,
आणि पोरं, दुपारभर बुडणारी, वर येणारी,
तोंडातलं पाणी एकमेकांवर उडवणारी.
एबो विचारतो, "बाटलीत काय पकडलंस?"
"अजून माहीत नाही."
"मग सोडून दे."

मी चिकटपट्टीवर पेनाने सहा काढला.

केप कोस्टच्या प्रयोगशाळेत चोवीस तास,
एक्केचाळीस अंश. पाण्याला ताप भरेपर्यंत थांबायचं.
मग खोलीतले दिवे घालवून तो जांभळा दिवा.
पहिल्या तबकात तीन घरं उजळली. दुसऱ्यात एक.
सहाव्यात सगळीच.
इतका सुंदर निळा
मी कुठल्याच समुद्रात पाहिलेला नाही.

"सहा कुठून आला? रकाने पाचच आहेत."
क्वोफीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग हळू म्हणाले,
"हा आकडा वर गेला तर काय हलवतील, आराबा?
ओहळ की वस्ती?"

मावशीच्या भट्ट्या एकदा हलवून झाल्या आहेत.
तेव्हा कागद हिच्या नावावर नव्हता. आजही नाही.

तिला सांगितलं. ती मासे उलटत राहिली,
धुराने डोळे बारीक.
"तुझ्या त्या निळ्यात आमचं किती,
आणि वरच्या लोकांचं किती?"

मला विचारायचं सुचलं नव्हतं.
अर्जालाही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी समुद्राकडे पाठ केली.
एबोच्या डोक्यावर बर्फाची पेटी,
ओहळाच्या काठाकाठाने वर.
सातवी बाटली शाळेच्या भिंतीशी.
आठवी दवाखान्याच्या मागे, जिथे गवत फारच हिरवं.
नववी हॉटेलच्या धोबीघाटाखाली, पाणी कोमट,
वास लॅव्हेंडरचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी.

तिथे पेन संपलं.
एबोने खिशातून भट्टीतल्या कोळशाचा तुकडा काढला,
जीभ बाहेर काढून, मन लावून
बाटलीवर नऊ लिहिला.
उलटा.