नव्वद

सप्टेंबरात टेगन आली, रेक्समच्या इस्पितळात,
खरेदी विभागात शिकाऊ म्हणून.
गळ्यातलं ओळखपत्र उलटं,
नाव कुणी वाचू नये असं.

फोन वाजला की ती
प्रिंटरमध्ये कागद भरायला उठायची.
प्रिंटर बिचारा कायम तुडुंब.

मी शिकवलं ते शिकवण्यासारखं:
दरपत्रकं तीन मागवायची.
वाहतूक धरून की वगळून, ते विचारायचं.
‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याला
उद्या फोन करायचा.
ती सगळं उतरवून घ्यायची हिरव्या शाईने,
माझा खोकलासुद्धा.

मग मार्चातला एक बुधवार.
रबरी हातमोजे, सगळ्यांत स्वस्त दर,
माझं पेन कागदाला टेकलेलं,
आणि ती म्हणाली, जवळजवळ टेबलालाच,
“यांच्या खोक्यात नव्वदच आहेत.
बाकीच्यांच्यात शंभर.”

बावीस वर्षं मी या खुर्चीत.

“लाव फोन,” म्हटलं.
नंबर दोनदा चुकला. कानाच्या पाळ्या लाल.
पहिलं वाक्य अर्ध्यात विरलं,
दुसरं उभं राहिलं.
पलीकडचा हसला असावा,
कारण ती थांबली
आणि थांबूनच राहिली.
हे मी शिकवलं नव्हतं,
गप्प राहून भाव पाडणं.

दर उतरला.
सवयीने ती प्रिंटरपाशी गेली,
तशीच परत आली.
“आई दुकानाच्या दारात उभी राहून
पावती वाचते,” म्हणाली.
“मला लाज वाटायची.”

ओळखपत्र अजून उलटंच.
उद्या तो माणूस स्वतः येतोय.
दारातून विचारेल,
मिस प्रॉसर कोण?