सोळा ओम

गिराम साउंड सर्व्हिस, सेलू,
ही पत्र्याची पाटी आता शेळ्यांच्या गोठ्याला दार आहे.
वाटणीत जनरेटर विकून पैसे झाले,
भोंगे गेले किलोवर,
आणि लाकडी पेटीतले दोन बारा इंची स्पीकर
पंचांनी एकेकाला एकेक दिले,
बैलजोडी फोडावी तसे.

मी मानवतला जिनिंगवर काटा बघतो.
उमर कापसाच्या ओलाव्यावरून भांडण्यात गेली,
पण जोडी जोडीनंच घ्यावी, एवढं कळतं.

थोरला भगीरथ, सेलूतच.
त्याच्या स्पीकरवर पाण्याचा माठ,
माठाचा गोल डाग पॉलिशात मुरलेला.
जाळीच्या कापडावरून बोट फिरवलं:
कोन कोरडा, कड शाबूत.
"साडेचार हजार," म्हणाला.
"आन् जोडीला त्याचा घेनार आसाल, तर माझा देत नाई."
मी म्हणालो, कोणाचा?

धाकटा नरहरी जिंतूरला. पिठाची गिरणी.
त्याचा माळ्यावर, पोत्यांखाली,
वीस वर्षांचं पीठ कोनात बसलेलं,
उंदरानं कडेचा एक घास घेतलेला.
तोही साडेचारच म्हणाला.
एसटीत कंडक्टरनं पूर्ण तिकीट फाडलं,
मग मी त्याला खिडकीशी बसवलं.

घरचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला.
वर लिहिलेले शंभर वॅट,
आवाज मात्र तापातल्या माणसानं पाणी मागावं तसा.
परभणीला खाजामियाँकडं गेलो.
त्यांनी स्पीकर पालथा घातला,
चुंबकावरचं पीठ अंगठ्यानं पुसलं, वाचलं, हसले.
"सोला ओम है मियाँ. इसकू व्हॉल्व्हवाला होना.
तुमारा डब्बा चार ओम का पहलवान,
ताकद भौत है, गाडी हिलती नै."

तसला त्यांच्याकडं एकच होता, स्वतःचा.
पाठीवर बोल्ट: चार, आठ, सोळा.
सोळाचा कोरा करकरीत,
त्याला कधी कुणी पान्हाच लावला नव्हता.
आधी म्हणाले, मेरे बाद ले जाव.
महिन्यानं फोन आला:
मेरे बाद तो पोरगा तांबे के भाव में देगा,
आजच आव.

व्हॉल्व्ह तांबडे व्हायला मिनिटभर लागतं.
तेवढ्यात चहा गाळून होतो.
कुणाच्यातरी लग्नातली टेप लावली,
सनई आली. संबळ कुठाय?
एकेकटा लावला की आहे,
दोन्ही मिळून लावले की नाही.
पुन्हा लावून बघितलं. नाही.

रात्री अकराला घड्याळातला सेल काढला.
थोरल्याच्या तारांना टेकवला, कोन पुढे आला.
धाकट्याच्या टेकवला,
मागे गेला.
एक श्वास सोडतो तेव्हा दुसरा घेतो,
आणि खर्ज मधल्या हवेत बसल्या जागी मरतो.
हा उलटा डाग कुणी दिला, कोणत्या मांडवात, कोणत्या घाईत,
आता कोण सांगणार? पंच तर नाहीच.
लाल तार काळीच्या जागी,
काळी लालच्या.
सेलची घडी बंद होती तेवढा वेळ गेला असेल.

सोमवारी भगीरथचा फोन.
"माठाचा डाग गेला का?"
नाही म्हणालो. "ऱ्हाऊ द्या."
मग बराच वेळ नुसती रस्त्याची खरखर.
त्यानं ओळखलंच होतं.
"माझ्यातून काय वाजतंय? सनई का संबळ?"
म्हणालो, बसून ऐकलं तर
तुमच्यातूनही नाही, त्याच्यातूनही नाही.
मधल्या भिंतीतून येते.
"तिथं काय हाय?"
वळून बघितलं.
खिळा आहे, म्हणालो. गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं,
तो तसाच राहिलाय.