अकरा मिनिटं

एलेओदोरो चिगुआय गेला, तेव्हाही
त्याचा भरती-ओहोटीचा प्रोग्राम चालूच होता.
दाल्काउएच्या साठ बोटी त्याच्या भरवशावर सुटत.
परवाना कुणी विचारला नव्हता, त्यानंही लिहिला नव्हता.

आता चंद्राच्या गणितात चूक निघाली आहे.
दुरुस्त करणारा पोरगा दारात उभा,
पण हात लावायचा तर मालकाला विचारायचं,
आणि मालक चर्चमागे, शिंपल्यांच्या मातीत.

नोटरी एर्सिराला सांगतो:
तुझ्या खापरपणज्याच्या काळात, तिकडे बर्नला,
टोपीकरांनी ठरवलं,
लिहिलं की ते लिहिणाऱ्याचं.
नोंद नको, शिक्का नको.
पुढे प्रोग्रामची ओळही कवितेच्या पंगतीला बसली.
आपल्या कायद्यानं तेच उतरवून घेतलं:
मरणानंतर सत्तर वर्षं.

"मग मी हक्कावर पाणीच सोडते."

"सोडशील. उद्या कुणी त्यालाच कुंपण घालेल.
हक्क ठेव,
आणि त्याच्याच जोरावर अट घाल,
की दार कुणी लावायचं नाही."

ती बराच वेळ पेन नुसतं धरून बसते.
मग बापाचं नाव, खाली आपलं.

खिडकीबाहेर बोटी चिखलात कलंडल्या आहेत,
कोष्टकाच्या अकरा मिनिटं आधीच.