आस

रामसेवक तोमर जेवायला बसला की मी जीपखाली शिरायचे.
बीहडात दुपारी सावली तेवढीच.
साल एकोणऐंशी, मृदा-सर्वेक्षण, ग्वाल्हेर.
नाकासमोर डिफरन्शियलचा तेलकट गोळा
आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत
एकच लोखंडी आस,
कावडीच्या दांड्यासारखा.

पोळी मोडता मोडता त्याने सांगितलं होतं,
"धुरा एक है, बाईसाब.
एक पहिया चढ़ेगा, दूसरा ज़मीन दाबेगा."
डावं चाक ढेकळावर चढलं
की उजवं खाली रेटलं जातं, माती सोडत नाही.
गोळाही चाकाबरोबर वर येतो,
दगड पोटाखालून निमूट निघून जातो.
एवढंच शास्त्र.
त्याचं बिल आपल्या पाठीने भरायचं.

नमुन्यांच्या कापडी पिशव्या, पेन्सिलीच्या चिठ्ठ्या,
कमानपाट्यांची करकर.
त्याच्या चाकाखालचा दगड
माझ्या दाढेत वाजायचा.
चाळीसच्या पुढे गेलं की स्टिअरिंगला कापरं भरे,
रामसेवक त्याला हिव म्हणायचा.
परवा डॉक्टरांनी मणक्यांचा फोटो उजेडाला धरला
तेव्हा मी ओळखला तो रस्ता,
चौथ्या-पाचव्याच्या मधला नाला तर नक्कीच.

शर्वरीने नवी गाडी आणली, कंपूत, दारापुढे.
"आत्या, पुढची चाकं स्वतंत्र आहेत.
प्रत्येकाची आपली भुजा, आपली स्प्रिंग.
याचं त्याला कळतसुद्धा नाही."
मी म्हटलं, वा.

आमच्या लग्नात जो तो सांगत होता
संसाराच्या गाडीची दोन चाकं.
मधे काय असतं, ते कुणी काढलं नाही.
विश्राम भोपाळला, लेखा विभागात. मी इथे.
खोटं कशाला सांगू, गुळगुळीत चाललं,
सत्तावीस वर्षं कपातला चहा हिंदकळला नाही.
फक्त त्याच्या बाजूला खड्डा आला
तो मला पाचव्या दिवशी कळला, पोस्टकार्डाने,
त्या हिशेबी अक्षरात:
दवाखान्यातून घरी आलो. काळजी नसावी.

सांक नदीच्या अलीकडे, माझ्याच जुन्या नाल्यात,
शर्वरीची गाडी पोटावर बसली.
चाक चढलं, पोट तिथेच राहिलं.
दुसरं चाक अधांतरी, गरगर गरगर,
सभेत एकट्यानेच बोलत सुटलेल्या माणसासारखं.
मी खाली उतरून वाकायला गेले
आणि अर्ध्यावर थांबले. पाठ.
"आत्या, तू बस. सांग नुसतं."
मी सांगितलं. दगड कुठे, फळी कुठे,
ही माती वरून घट्ट, आतून पिठासारखी,
हिच्यावर विश्वास टाकू नको.
रबरी बूट फाटलं होतं, काळं ग्रीस
वाळूवर थेंब थेंब.

शेवटी एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला,
सोळाचाही नसेल, कानाला मोबाइल.
साखळी लावता लावता मी पाहिलं:
पुढचा आस एकच, सलग,
पण मधोमध एका खिळीवर टांगलेला.
ही चाकं वरखाली होतात, तोल जातो-येतो,
आणि पोरगा वर बसून निवांत बोलतोय.
इतकी वर्षं शेताच्या बांधाबांधावर उभा होता हा,
मी मातीच बघत राहिले.

परतताना बानमोरच्या पुढे
ऐंशी-नव्वदने चाललो असू.
ग्रीसची चिंता शर्वरीला, मला डुलकी.
अशी झोप मला त्या जीपने
एकदाही दिली नव्हती, हे कबूल.
मग पुरानी छावनीचा गतिरोधक दिसला.
हात आपोआप पुढे गेला, दांडी धरली,
दात आवळले,
जीभ आत घेतली.

धक्का आलाच नाही.
हात मात्र तसाच होता
बराच वेळ.