चारशे अठरा

अजमानच्या खोलीत, वरच्या बंकवर,
मोबाइलचा उजेड तोंडावर घेऊन आकडा बघतो :
चारशे अठरा.
गेल्या महिन्यात चारशे बारा होता.

सहा.
सांगायचं कुणाला? खाली दिलावर घोरतोय.

नोकरी गेली, कार्ड राहिलं.
बँकेचा फोन आला की मी
माझाच धाकटा भाऊ व्हायचो :
"तो गावी गेलाय. नाही, नंबर नाही."

आता पाच हजार दिरहम अडकवलेत बँकेत,
तेव्हा कुठे माझ्याच पैशांचं कार्ड
माझ्या हातात दिलंय त्यांनी.
त्यावर घ्यायचं एवढंच :
लबान, खुबूस, कोथिंबिरीची जुडी.
आणि तारखेच्या आत फेडायचं,
दात घासावेत तसं.

काल कोयाच्या बकाल्यात ते पुढे केलं.
त्याची वही उघडीच होती.
त्या वाईट वर्षात अकरा महिने
त्या वहीत जेवलोय मी.
आकडा त्यानं कधी विचारला नाही.

"लिहायचं नाही?"
"नको."

मशीन टुक् वाजलं.
कोयानं पेनाला टोपण लावलं, सावकाश,
आणि सुट्टे नसले की देतो तशी
एक गोळी टाकली
माझ्या पिशवीत.