चूळ

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सीझन.
पॉलिशच्या ड्रमातून उडालेलं पिवळं
पापण्यांवर, काट्यावर, पावतीबुकात
आणि रात्री
माझ्या छातीत शिट्टी.

निळा पंप मी खिशात ठेवायचो, पुडीसारखा.
हमालांकडं पाठ करून ओढायचो.
गफूर म्हणायचा, मापाडी, एकदा लागला की सुटत नसतो बघा.
पण निळा लगेच ऐकायचा.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरंच लिहून दिलं:
कॅप्सूल, आणि ती ठेवून फिरवायचं प्लास्टिकचं यंत्र.
"ओढताना आत भिरभिर वाजलं पाहिजे.
रोज दोनदा. बरं वाटलं तरी.
आणि नंतर चूळ भरायची, विसरायचं नाही."
यानं काय होईल, विचारलं.
म्हणाल्या, "काही होणार नाही. एवढंच."

आठ दिवस खरंच काही झालं नाही.
सोजर म्हणाली, पैशे वापस मागा.
तरी रिकामी टरफलं वाटीत टाकून मोजायची,
मी धारण मोजतो तशी,
एकच्या जागी 'लाभ' म्हणत.

मग एका रात्री, कितव्या ते तिला ठाऊक,
मला गदगदा हलवून उठवलं.
नाकापुढं तिची बोटं.
"कामून गप पडले तुम्ही?
शिट्टी वाजंना, मला झोप लागंना."

उठलो. मोरीत जाऊन
उगीचच चूळ भरली.
हळदीचा वास होताच गल्लीभर.
आत आलो तर
ती घोरत होती.