तिसरा हात

उद्यमबागच्या भट्टीवरनं सुटून भरमाणी आला तेव्हा
मी एका दिवाणाला सँडपेपर मारत होतो.
म्हणाला, मोनाप्पाकाका, रविवारी अनगोळात स्टेज आहे,
रंग तुम्ही लावा. जिममधली पोरं लावतात
तर मी सोंगातला राक्षस दिसतो.

बाटली दाखवली. तपकिरी पाणी,
बूच काढलं की करपल्या बिस्किटाचा वास.
वर लिहिलेलं, एकाच हातात गडद.
एकाच हातात गडद होतं ते डांबर, मी म्हटलं.
शर्ट काढ, बघू.

मान, चेहरा, कोपरापर्यंतचे हात: भट्टीनं भाजलेले.
मधोमध बनियनच्या आकाराचा एक गोरा मुलगा
जो कधी बाहेर पडलाच नाही.
एका चड्डीत दोघं उभे.
त्यांना एक करायचं,
आणि केलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही.

शुक्रवारी त्याला न्हाणीत बसवून
वाळल्या घोसाळ्याच्या जाळीनं घासायला लावलं,
टाचा, गुडघे, पाठ पोचेल तिथवर.
तेल नको, पावडर नको,
बगलेत मारायचा तो फवारा तर मुळीच नको,
मागच्या साली मुतग्याच्या एका पोराची बगल
कैरीसारखी हिरवी झाली म्हणे, ऐन स्टेजवर.

शनिवारी रात्री पहिला हात.
इतका पातळ, की भरमाणी म्हणाला,
काका, काही लागलंच नाही की.
लागलं नाही असं वाटतो
तोच पहिला हात.

गाठीचं लाकूड रंग जास्त पितं.
गुडघा पितो, घोटा पितो, कोपर तर अधाशी.
तिथं आधी व्हॅसलिनचं बोट फिरवलं,
मग फडक्यात उरलं होतं तेवढंच.
दंडाच्या आतल्या बाजूला कमी,
बोटांच्या बेचक्यात नाहीच.
ऊन तिथं जात नाही, मी कशाला जाऊ?

बसव्वा आपली खुर्ची न्यायला आलेली, दारातच थांबली.
यव्वा, चांगला गोरा पोरगा काळा करायलास?
काल नातीला गोरं व्हायची ट्यूब आणली तीनशे देऊन.
मग हसत सुटली, आणि जाता जाता
डाव्या खांद्यामागं राहिलेली जागा तिनंच दाखवली.

झोपताना त्याला जुना फुल बाह्यांचा शर्ट,
खाली चटई. गादीवर नको.
घाम आला तर उठून बस, म्हटलं,
रंगापेक्षा झोप महाग नाही.

सकाळी दुसरा हात.
दुपारी मांडवामागं, जनरेटरच्या आवाजात, तिसरा,
कारण दिव्याखाली माणूस फिका पडतो.
चेहऱ्याला मी बोट लावलं नाही.
चेहरा भट्टीनं आधीच केला होता.
बाकीचं अंग फक्त त्याच्यापर्यंत आणून सोडलं.

पुकारलं आधी कन्नडात, मग मराठीत:
नंबर एकोणीस.
बाकीचे नव्या कपाटासारखे चकाकत होते,
दोघांचा रंग मांडीवरनं ओघळत होता.
भरमाणी उभा राहिला
उघड्या अंगानं जन्म काढल्यासारखा.
माझ्या मागचा एकजण शेजाऱ्याला म्हणाला,
ह्यानं रंग लावायचा विसरला वाटतं.

मी चहा प्यायला गेलो.
मागनं टाळ्या ऐकू आल्या, कुणाच्या ते कळलं नाही.

चौथा आला. बक्षिसं तीनच.
गुरुवारपर्यंत भट्टीच्या घामानं
पाठ ठिकठिकाणी सुटली, भिंतीचा चुना सुटतो तशी,
आणि बनियनमधला तो गोरा
हळूच डोकावायला लागला.

मांडवामागं माझा एक ग्लोव्ह फाटला होता.
उजवा तळवा आठ दिवस तपकिरी.
लिंबू घासलं, रॉकेल घासलं.
बायकोनं काही विचारलं नाही.
तीस वर्षं तिनं
हा हात असाच बघितलाय.